बेळगावचे बंदर

हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि पुढे शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण बेळगावकर वेंगुर्ला रोड म्हणतो. म्हणताना कोणी थांबून विचार करत नाही. रस्त्याला नाव पडते ते बहुधा जवळच्या गावाचे किंवा पलीकडच्या मोठ्या शहराचे. वेंगुर्ले जवळ नाही. आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडी मागे टाकून मग ते येते. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. ते मोठेही नाही. मग वाटेतल्या सावंतवाडीसारख्या संस्थानी राजधानीला सोडून या रस्त्याने वेंगुर्ल्याचे नाव का घेतले? याचे उत्तर असे की हा रस्ता मुळात बंदर गाठण्यासाठी केला, आणि ते बंदर बेळगावचे होते.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे क्रूझची सफर करून आली. कोणी मुंबईहून लक्षद्वीपला गेले, कोणी सिंगापूरहून पुढे. फोटो आम्ही पाहिले, कौतुकही केले. संध्याकाळी एका बंदरातून निघावे, रात्र पाण्यावर काढावी, सकाळी दुसऱ्या बंदराचा किनारा दिसावा, ही त्यातली गंमत सगळ्यांनी सांगितली. आमच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांना ही गंमत ठाऊक होती, फक्त तेव्हा तिला गंमत म्हणत नसत. मुंबईहून गावी यायचे तर आगबोट हीच वाट होती. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या वाटेवरची बंदरे, बोट जशी लागत असे त्याच क्रमाने, लिहावीत असे आम्ही ठरवले. मात्र सुरुवात शेवटाकडून करतो, म्हणजे आपल्या बंदरापासून.

वेंगुर्ल्याचे नाव जगाला कळले ते डचांमुळे. सतराव्या शतकात हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. डचांना गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची होती. त्यासाठी गोव्याजवळ, पण गोव्याबाहेर, पाय ठेवायला जागा हवी होती. आदिलशहाच्या परवानगीने १६३७ च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. दरवर्षी पावसाळा सरला की डच जहाजे येत आणि गोव्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसत. १६३९ साली तर त्यांनी मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीजांची मोठी लढाऊ जहाजे जाळली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या भागातून गेला तेव्हा त्याने वेंगुर्ल्याचे गोडे पाणी, उत्तम तांदूळ आणि वेलदोडे यांची नोंद केली. वेढा घालून बसलेल्या आरमाराला लागते ते सगळे इथे मिळत होते. त्या वखारीचे अवशेष अजून गावात उभे आहेत. भिंतींतून झाडांची मुळे शिरली आहेत आणि छप्पर कधीच गेले आहे. युरोपातल्या बंदरांत जुन्या वखारी तिकीट काढून पाहून आलेले आपले लोक वेंगुर्ल्यात मासे खाऊन परत येतात आणि ही वखार त्यांना कोणी दाखवतही नाही, हे आम्हाला खटकते.

घाटावरून वेंगुर्ल्याला उतरायची जुनी वाट रामघाटाची. चंदगडच्या बाजूने पारगडाजवळून ती खाली कोकणात जाते. औरंगजेबाचा मुलगा शहाआलम १६८३-८४ च्या हिवाळ्यात प्रचंड फौज घेऊन याच घाटाने उतरला. डिचोली, कुडाळ, वेंगुर्ले हा सगळा पट्टा त्याने उद्ध्वस्त केला, पण संभाजीराजांच्या फौजांनी त्याला सुखाने बसू दिले नाही आणि परत वर चढताना त्याच्या माणसाजनावरांचे उपासमारीने व रोगराईने अतोनात हाल झाले. रामघाट असाच होता. तांड्यांच्या बैलांना तो सोसे, गाड्यांना सोसत नसे.

वेंगुर्ले १८१२ साली सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. सहा वर्षांनी, एप्रिल १८१८ मध्ये, मन्रोच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला पडला आणि किल्ल्याशेजारी कॅम्प वसला. पलटणी आल्या की त्यांच्यामागून दारूगोळा, कापड, औषधे, साहेबांच्या मेजावरचे डबे आणि बाटल्या असे सगळे यावे लागते. मुंबईहून ते जमिनीवरून आणायचे म्हणजे बोरघाट चढून पुणे, सातारा, कोल्हापूर असा लांबचा प्रवास. समुद्राने आणले तर वेंगुर्ल्यापर्यंत वाऱ्याचे काम, आणि पुढे एकच घाट. म्हणून आधी रामघाटाचा रस्ता सुधारला गेला. तो गाड्यांना फार खडा पडतो हे कळल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीचा, म्हणजे आपण आज आंबोलीचा म्हणतो तो, घाट बांधला. आंबोली आज धबधब्यासाठी आणि धुक्यासाठी प्रसिद्ध आहे. पण त्या गावाचा जन्म वेंगुर्ला-बेळगाव रस्त्यावरचा एक मुक्काम म्हणून झाला. घाट चढून दमलेले बैल तिथे सोडायचे, हा त्याचा पहिला उपयोग. सावंतवाडीत नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना तिथली हवा मानवली आणि मग ते थंड हवेचे ठिकाण झाले.

या रस्त्याने खाली जाई तो कापूस, गूळ, मिरची, तंबाखू. वर येई ते मीठ, नारळ, सुकी मासळी आणि विलायती माल. मिठाचे महत्त्व आज लक्षात येत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरे होती, आणि १९३० च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडण्यासाठी शिरोडे निवडले ते त्यामुळेच. त्या वेळी त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर मास्तर होते. वेंगुर्ल्याच्या आसपासची माती लेखकांच्या बाबतीत सुपीकच म्हणायची: आरवलीचे जयवंत दळवी, बागलांच्या राईतले चिं. त्र्यं. खानोलकर, आणि खुद्द वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर. ही तीन नावे उच्चारली की आपल्या वाचनालयाचे अर्धे कपाट रिकामे होते.

माल आला तशी माणसे आली. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीवरून नजर फिरवली तर वाडी-वेंगुर्ले, कुडाळ, मालवण या बाजूची किती घराणी निघतात ते दिसेल. कोणी अडत्या म्हणून आले, कोणी कॅम्पात कंत्राटदार किंवा कारकून म्हणून, कोणी सोनारकामाला, कोणी नुसते थोरल्या भावाच्या मागून. घाट चढताना त्यांना आपण परमुलखात चाललो असे वाटले असेल असे आम्हाला वाटत नाही. बंदर खाली, बाजारपेठ वर, आणि दोन्हींचा व्यवहार एकाच वहीत, एकाच भाषेत.

या बंदराला उतरती कळा लागली ती रेल्वेमुळे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला, मुरगावला बंदर बांधायचे ठरले आणि तिथून दूधसागरवरून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. १८८८ मध्ये ती सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. बेळगावलाही याच सुमारास गाडी आली आणि लोंढ्यामार्गे मुरगावचा धक्का आपल्याला सरळ जोडला गेला. मुरगावला जहाज धक्क्याला लागे, माल थेट वॅगनमध्ये पडे. वेंगुर्ल्याला जहाज दूर उभे राही आणि सगळे पडावांतून उतरवावे लागे. व्यापारी भावनेवर चालत नाही. घाटावरच्या मालाने काही वर्षांत वाट बदलली. ज्या गोव्याची कोंडी करण्यासाठी वेंगुर्ले बंदर मोठे झाले, त्याच गोव्याच्या बंदराने त्याला मागे टाकले. आज आपली मंडळी ज्या क्रूझमध्ये बसतात त्या बोटीही मुरगावलाच लागतात.

माल गेला, पण उतारू राहिले. वेंगुर्ल्याचे पुढचे सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य उतारूंच्या आगबोटीवर गेले.

मुंबई-गोवा किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धावू लागल्या. पुढे हा व्यवहार बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ‘शेफर्डची बोट’ हेच नाव राहिले. स्वदेशीच्या चळवळीत एतद्देशीयांच्या भांडवलावर सहकारी तत्त्वाची एक कंपनी निघाली. तिला लोकांनी नाव दिले ‘माझी आगबोट कंपनी’. शेअर घेणारे गिरणीकामगार, शाळामास्तर, छोटे दुकानदार. तेव्हा ‘माझी’ हा शब्द नुसता प्रेमाचा नव्हता, हिशेबाचाही होता. तिच्या बोटींना नावे होती जयंती, तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. कोकणी हिंदू आणि गोमंतकीय ख्रिस्ती दोघांनाही आपला वाटावा असा तो नामकरण समारंभ होता.

आता वाट. मुंबईहून बोट सुटली की डेकवर जागा धरण्याची घाई. ट्रंक, वळकटी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, बोट लागू नये म्हणून लिंबू किंवा आवळासुपारी. उच्च वर्ग फार थोड्यांसाठी. आपली माणसे डेकवरची. डावीकडे किनारा सतत दिसत असे, आणि या किनाऱ्याचा इतिहास नीट समजतो तो पाण्यावरूनच. किल्ले, दीपगृहे, खाड्यांची तोंडे, मंदिरांचे कळस, सगळे समुद्राकडून येणाऱ्यासाठी मांडलेले. मोटारीने गेलात तर प्रत्येक बंदर पाठीमागून भेटते.

पहिले मोठे बंदर हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. त्यापुढे वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात मक्केकडे आणि इराणकडे जाणारी जहाजे इथून सुटत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले, कापले, आणि दाभोळ पुन्हा पूर्वीचे झाले नाही. (समोरच्या काठावर झालेला वीजप्रकल्प जगाला ‘दाभोळ’ म्हणून माहीत झाला, हा त्या नावाचा पुढचा दैवदुर्विलास.) जयगड शास्त्री नदीच्या तोंडावर. मग रत्नागिरी. इथे ब्रह्मदेशचा राजा थिबा इंग्रजांनी १८८६ साली आणून ठेवला. १९१० मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो तिथेच वारला. आपले राज्य गमावलेला माणूस रोज खिडकीतून मुंबईच्या बोटी जाताना पाहत असेल. मुसाकाजी हे राजापूरच्या खाडीच्या तोंडावरचे बंदर. खाडी गाळाने भरत गेली म्हणून मोठ्या बोटी आत जाईनात. याच राजापुरात इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफा-दारूगोळ्याची मदत केली म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये तिची झडती घेतली.

विजयदुर्गाजवळ मात्र थोडे थांबू. वाघोटण खाडीच्या मुखावरचा हा किल्ला कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या आरमाराचे मुख्य ठाणे. कान्होजी असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच यांपैकी कोणालाही तो घेता आला नाही. तुळाजी आंग्र्यांचे आणि पेशव्यांचे बिनसले तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे सबंध आरमार एका संध्याकाळी पेटले. तुळाजी उन्मत्त होते, पेशव्यांशी त्यांची वागणूक सहन करण्याजोगी नव्हती, हे इतिहासकारांचे म्हणणे मान्य करूनही आम्हाला वाटते की मराठ्यांच्या इतिहासात याहून महाग सौदा सापडणे कठीण. घरातला भांडखोर भाऊ गेला आणि त्याच्याबरोबर घराचा समुद्राकडचा दरवाजाही गेला. बासष्ट वर्षांनी आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या सत्तेला कोकणपट्टीच्या पाण्यावर तोवर अडवणारे कोणी उरले नव्हते.

देवगड म्हणजे आंबा, तेवढे सगळ्यांना ठाऊक आहे. मालवणला बोट फार सांभाळून येई, कारण किनाऱ्यालगत खडकच खडक. त्याच खडकांत कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी सिंधुदुर्ग उभारला. खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवरायांचे मंदिर. दर्शनाला होडीतून जावे लागते. त्यामुळे निदान हे एक ठिकाण तरी आजही प्रत्येकाला समुद्राकडूनच भेटते.

निवतीच्या पुढे समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका दिसला की वेंगुर्ल्याचे उतारू वळकट्या बांधू लागत. नकाशावर त्यांना वेंगुर्ला रॉक्स किंवा जळकी बेटे असे म्हटले आहे. त्यांवर दीपगृह आहे, आणि तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वस्ती. या पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. चिनी लोक त्यांचे सार करून पितात, म्हणून एकोणिसाव्या शतकातही ही घरटी गोळा करून विकली जात. आता कायद्याने बंदी आहे. दक्षिण-पूर्व आशियाच्या सफरीत अशा घरट्यांच्या गुहा पाहून आलेल्यांना सांगायला हवे, आपल्या रस्त्याच्या टोकाशीही एक आहे.

वेंगुर्ल्यात बोट दूर उभी राही. पडाव येऊन तिच्या कुशीला लागत, लाटेबरोबर वर-खाली होत. लाट वर आली की उडी मारायची. बायका, म्हातारी माणसे, तान्ही मुले यांना खलाशी हाताला धरून अक्षरशः झेलत. मग किनारा, मग बैलगाडी, आणि पुढच्या काळात सर्व्हिस मोटार. सावंतवाडी, दाणोली, घाट, आंबोलीची थंडी, आणि सकाळी बेळगाव.

या आठवणींना साखर लावून सांगायचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण या वाटेने माणसे गिळली आहेत. नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७, दिव्यांची अवस. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सणासाठी घरी निघालेली माणसे खच्चून भरलेली. ऐन पावसाळा, उसळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलंडली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी जिवावर उदार होऊन काहींना ओढून काढले, आणि मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ झाली. मुंबईहून अलिबाग किती जवळ आहे हे आठवले की अंगावर काटा येतो. ही बोट वेंगुर्ल्याची नव्हती, तरी कोकणात मुळे असलेल्या घरांत हे नाव अजून आवाज खाली करून घेतात.

स्वातंत्र्यानंतर बोटी चालू राहिल्या, कंपन्या बदलल्या. साठीच्या दशकानंतर लहान असलेल्या आपल्या सभासदांना ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ ही नावे आठवत असतील. पण तोवर मुंबई-गोवा महामार्ग झाला होता आणि एस.टी. दारात येत होती. बंदरांत गाळ साचत होता, गिऱ्हाईक कमी होत होते. पुढे जुनी उतारू बोट संपली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही किनारा सोडून आतून गेली. २०१८ मध्ये आंग्र्यांचे नाव घेतलेली ‘आंग्रिया’ क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली आणि कोविडपर्यंत चालली. तिच्यात पोहण्याचा तलाव होता, जेवण उत्तम होते असे गेलेले सांगतात. हर्णै, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही सगळी बंदरे तिने रात्रीच्या अंधारात ओलांडली. थांबली कुठेच नाही.

दरम्यान दुसरी एक रेघ पडली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि वेंगुर्ले मुंबई राज्यात राहिले. बाची संपून शिनोळी लागते तिथे, वेंगुर्ला रोडवरच, ती रेघ आहे. या प्रश्नावर या स्मरणिकेत पूर्वी पुष्कळ लिहून आले आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की कागदावर दोन राज्ये झाली तरी वेंगुर्ले-मालवणची मासळी पहाटे याच रस्त्याने वर येते आणि कॅम्पातल्या मासळी बाजारात विकली जाते. काजूची रोपे घ्यायला आपले शेतकरी वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात आजही जातात आणि ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशी नावे घेत परत येतात. चंदगड, खानापूरच्या माळांवर ती झाडे उभी आहेत.

या लेखाची तयारी करताना एक अडचण आली. डचांचे, इंग्रजांचे कागद आहेत, गॅझेटिअर आहेत. वेंगुर्ल्याहून घाट चढून बेळगावात आलेल्या आपल्याच घराण्यांचे मात्र फार थोडे हाती लागते. ज्यांच्या घरी अडतीच्या वह्या, रोजकीर्द-खतावणी, बोटीची तिकिटे, बंदरावरून लिहिलेली पत्रे, पडावातले किंवा सर्व्हिस मोटारीचे फोटो असतील त्यांनी उत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावेत. आम्ही प्रती काढून घेऊ आणि मूळ वस्तू त्याच वेळी परत देऊ. ऐंशीच्या पुढच्या मंडळींनी नुसते येऊन बोलले तरी चालेल. लिहून घ्यायला आमच्यातले दोघे रोज सायंआरतीनंतर बसतील. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर समुद्र शांत झाला की सभासदांची एक सहल वेंगुर्ल्याला न्यायचा विचार आहे: डच वखार, बंदर, शिरोडे, आणि हवामान साथ देईल तर निवतीहून होडीने बेटांपर्यंत. नावे कार्यालयात द्यावीत.